अणूंचा काटा आणि दोषाचा शोध

उसाच्या या मुलुखात काटा म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. गाडी काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावर खिळते आणि मनात शंका येते. आज आम्ही ज्या काट्याविषयी बोलणार आहोत त्यावर गाडी चढत नाही, अणू चढतो. त्याचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर. कॉलेजची पायरी न चढलेल्या, कामगार चळवळीत केस पिकवलेल्या माणसाने या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. हे यंत्र बिघडते, म्हणून. यंत्र बिघडले की दोष कोठे आहे हा एक प्रश्न, आणि तो कोणाच्या माथी मारायचा हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाशी आमचा जन्माचा संबंध आहे.

इंग्लंडात केंब्रिज येथे जे. जे. थॉमसन आणि त्यांचे सहकारी ॲस्टन यांना 1912 साली निऑन वायूच्या एका रेषेच्या जागी दोन रेषा दिसल्या. एकाच मूलद्रव्याचे अणू दोन वजनांचे, 20 आणि 22! ॲस्टन यांनी 1919 साली अधिक नेमके यंत्र उभे केले, आणि 1922 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे सर्व पुस्तकांत आहे. पुस्तकांत थोडक्यात उरकलेली गोष्ट अशी, की थॉमसन बुद्धीने थोर असले तरी हातांनी अवघडलेले होते. त्यांच्या काचेच्या नळ्या फुंकून घडवणारा आणि सांभाळणारा मनुष्य एबेनेझर एव्हरेट. पारितोषिकांच्या यादीत त्याचे नाव शोधू नये.

यंत्राची रीत अशी : तापलेल्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा मारा करून वायूच्या अणूंवर विद्युत्भार चढवायचा, काही हजार व्होल्टांचा रेटा देऊन त्यांना निर्वात नळीतून पळवायचे आणि वाटेत चुंबक ठेवायचा. हलका अणू जास्त वळतो, जड कमी. टोकाशी ज्याची त्याची जागा ठरलेली. तेथे पोहोचणारा प्रवाह इतका क्षीण, की एका अँपिअरचे लाख कोटी भाग केले तर त्यातले काही मोजकेच. आपल्या धाराशिवची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत त्या दख्खनच्या दगडाचे वय सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे, हे याच काट्याने सांगितले. दगडातल्या पोटॅशियमपासून फार सावकाश आर्गॉन वायू तयार होतो, तो मोजायचा. मुंबईच्या आय. आय. टी.त असे काम चालते. पण हवेतही शेकडा एक भागाच्या आतबाहेर आर्गॉन असतोच. सांधा किंचित गळला की बाहेरची हवा दगडाच्या हिशेबात शिरते.

विजेचे बिघाड याहून फसवे. तार जळाली तर काही दिसतच नाही. तो बिघाड बरा, निदान प्रामाणिक. व्होल्टेज डळमळले की अणूंची जागा सरकते आणि माणूस चुंबकाला दोष देतो. टोकाकडच्या इन्सुलेटरवर बोटाचा तेलकट ठसा किंवा पावसाळी ओल असली, तर वीज तेथूनच पाझरते आणि आकडा तरंगत राहतो. जाणकार म्हणून आधी अणूंचा झोतच बंद करतो. तरीही काटा थरथरला तर दोष झोतात नाही, मोजणाऱ्या टोकाकडे आहे. थरथर सेकंदाला पन्नासच्या ठेक्यात असेल तर अर्थिंग तपासतो. आणि आत हात घालण्यापूर्वी कपॅसिटर जमिनीला टेकवून रिकामा करतो. बटण बंद केले म्हणजे वीज गेली, असे नव्हे.

या यंत्राचा राक्षसी भाऊ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ओक रिज येथे उभा राहिला. बाँबसाठी हलके युरेनियम वेगळे काढायचे होते. तांबे युद्धात गुंतलेले, म्हणून चुंबकांच्या वेटोळ्यांसाठी सरकारी खजिन्यातून तेरा हजार टनांवर चांदी उसनी आणली! 1943 च्या अखेरीस चुंबक एकामागून एक शॉर्ट होऊ लागले. जनरल ग्रोव्ह्ज यांनी एक फोडून पाहविला. आत निघाले काय? थंडाव्याच्या तेलातला गंज आणि कचरा, शिवाय वेटोळी फार दाटीने बसवलेली. 48 चुंबक मिलवॉकीच्या कारखान्याकडे परत गेले.

ती यंत्रे चालवायला शाळा संपवलेल्या तरुण मुली नेमल्या. उत्पादनाची शर्यत लागली आणि मुलींनी डॉक्टरेटवाल्यांना मागे टाकले. अधिकारी म्हणाले, मुली कारण विचारत बसत नाहीत, शास्त्रज्ञ प्रत्येक काट्याच्या हालचालीमागे लागतात. आम्हाला ही स्तुती पटत नाही. कारण त्यांना सांगितलेच नव्हते. आपण काय तयार करीत होतो हे त्यांना 6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमा जळाल्यावर कळले.

आमच्या उमेदीच्या काळातली एक हकीकत सांगतो. एका कारखान्यात रात्रपाळीला मोटर जळाली आणि वायरमनला निष्काळजीपणाचे आरोपपत्र मिळाले. चौकशीत आम्ही एवढेच म्हटले, की आधी केबल तपासा. एक जोड सोडून दोन्ही बाजूंना मेगर लावला. एक बाजू ठीक, दुसरी नाही. पुन्हा त्या बाजूचे दोन भाग केले. असे करीत करीत पाणी साचलेल्या चरातल्या एका जोडाशी आलो. मग रात्रपाळीची नोंदवही उघडली. त्याच केबलचे इन्सुलेशन उतरल्याची नोंद त्याच वायरमनने दोनदा केली होती, आणि वरच्या दोन्ही रकान्यांत साहेबांची सही होती. तो कामावर परत आला. पहिल्या रात्री तो आधी मोटरकडे गेला नाही, बॅटरी घेऊन चराकडे गेला. चरात पाणी तसेच होते.