आपला मल्ल आपण घडवताना : कुस्तीच्या व्हिडिओ गेममधील मल्लनिर्मितीचा इतिहास



एखादी गोष्ट संगणकात साठवायची म्हणजे नेमके काय साठवायचे, हा प्रश्न डेटा स्ट्रक्चर शिकवताना मी दरवर्षी वर्गात विचारतो. बहुतेकांचे उत्तर असते, "तिचे चित्र". हे उत्तर अपुरे का आहे, हे समजण्यासाठी आज आपण एका वेगळ्याच वाटेने जाणार आहोत. व्यावसायिक कुस्तीच्या व्हिडिओ गेममध्ये खेळाडूला स्वतःचा मल्ल घडवण्याची सोय असते. या सोयीला तीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. मल्ल कशाचा बनतो, तो कुठे ठेवला जातो आणि किती दिवस टिकतो, या तीन प्रश्नांच्या आधारे आपण तो पाहू.

1. कुस्तीच्या खेळातच ही सोय का?

व्यावसायिक कुस्ती ही आखाड्यातली कुस्ती नव्हे. तिथे लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो आणि प्रेक्षक एक रंगवलेले नाट्य पाहायला येतो. म्हणून तिथला मल्ल म्हणजे केवळ शरीर नाही, तर एक पात्र आहे. त्याचे नाव, पोशाख, रिंगणात येण्याची ढब, ठरावीक डाव आणि शेवटी सामना संपवणारा हुकमी डाव, हे सगळे मिळून ते पात्र होते. आपल्याकडच्या प्रेक्षकांना केबल टीव्हीमुळे हे चांगले परिचयाचे आहे. हिमाचल प्रदेशातील दलीपसिंग राणा 'द ग्रेट खली' या नावाने रिंगणात उतरले आणि 2007 मध्ये वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाले, तेव्हाही लोक एका पात्रालाच ओळखत होते.

पात्र असे सुट्या भागांचे असल्यामुळे ते सुटे करून पुन्हा जोडता येते. क्रिकेटच्या खेळात नवा फलंदाज तयार केला तरी तो तेच फटके मारतो. कुस्तीच्या खेळात मात्र नव्या मल्लाचे सगळेच वेगळे असू शकते. मल्लनिर्मितीची कल्पना या खेळात इतकी रुजली, त्याचे एक कारण हे आहे.

2. जपान : नावे बदललेले मल्ल

ह्युमन एंटरटेनमेंट या जपानी कंपनीने 1989 मध्ये पीसी इंजिन या यंत्रासाठी 'फायर प्रो रेसलिंग' मालिकेतला पहिला खेळ काढला. खऱ्या मल्लांची नावे वापरण्याचा परवाना नसल्याने या मालिकेत मल्ल दिसायचे ओळखीचे, पण त्यांची नावे बदललेली असत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, सुपर फॅमिकॉमवरील खेळांत, 'एडिट' विभाग आला. खेळाडू त्यात नवे मल्ल घडवत आणि बदललेल्या नावांच्या जागी खरी नावेही घालत. परवान्याअभावी राहिलेली उणीव ग्राहकाने स्वतः भरून काढली.

या मालिकेने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. पुढच्या खेळांत मल्लाचे 'लॉजिक'ही खेळाडूला ठरवता येऊ लागले. प्रतिस्पर्धी ताजातवाना असताना कोणता डाव किती टक्के वेळा टाकायचा, तो दमल्यावर कोणता, आणि अगदी शेवटाला कोणता, हे आकडे खेळाडू भरतो. प्रत्येक प्रसंगातील टक्क्यांची बेरीज 100 व्हायला हवी. मग दोन मल्ल रिंगणात सोडून खेळाडूने नुसते पाहत बसायचे. संभाव्यतेचा तक्ता म्हणून तुम्ही जे शिकता, ते इथे एका माणसाचा स्वभाव म्हणून वापरले गेले. घाईने हुकमी डाव टाकणारा उतावळा आणि शेवटपर्यंत वाट पाहणारा मुरलेला पैलवान, यांच्यात फरक फक्त काही आकड्यांचा.

3. अमेरिका : 1998 ते 2000

त्या वेळच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या (2002 पासूनचे नाव डब्ल्यूडब्ल्यूई) खेळांत ही सोय 1998 च्या 'वॉर झोन'मध्ये आली. तो अक्लेम कंपनीने प्रकाशित केला होता. पुढे परवाना टीएचक्यू कंपनीकडे गेला आणि 2000 साली दोन मालिका एकाच वेळी भरात आल्या. निन्टेंडो 64 साठी 'नो मर्सी' निघाला, तो बनवणारी कंपनी जपानची एकेआय. प्लेस्टेशनसाठी 'स्मॅकडाउन' आणि त्याच वर्षी 'स्मॅकडाउन 2' हे खेळ निघाले, ते बनवणारी कंपनी जपानचीच युक्स. पात्रे अमेरिकेची आणि यंत्रणा जपानची, अशी ही विभागणी होती.

'नो मर्सी'मध्ये डोके, चेहरा, पोशाख, बूट यांबरोबर प्रत्येक स्थितीतला डाव वेगळा निवडता येई : हलकी पकड, घट्ट पकड, समोरून, मागून, कोपऱ्यात, दोरावरून. तयार मल्लांतही बदल करता येत. आज पंचवीस वर्षांनंतरही या खेळाचे चाहते त्यात नवे मल्ल भरत असतात.

4. एक मल्ल किती बाइटचा?

आता थोडे गणित करू. पहिल्या प्लेस्टेशनचे मेमरी कार्ड 128 किलोबाइटचे होते. त्यात 8 किलोबाइटचे 16 ब्लॉक. त्यांतला एक यादीसाठी राखीव, म्हणजे वापरायला उरले 15. आता मल्लाचे एक छोटेसे चित्र घ्या : 256 गुणिले 256 ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 2 बाइट. गुणाकार येतो 1,31,072 बाइट, म्हणजे बरोबर 128 किलोबाइट. चित्र म्हणून साठवायचे ठरवले तर एक मल्लसुद्धा त्या कार्डात बसत नाही, कारण यादीचा ब्लॉक आधीच गेलेला असतो.

मग मल्ल साठवायचा कसा? चित्रे खेळाच्या सीडीवर आधीच आहेत. कार्डावर फक्त निवड लिहायची : डोके क्रमांक अमुक, बूट क्रमांक तमुक. समजा शरीराचे 10 भाग आहेत आणि प्रत्येकाचे 20 पर्याय आहेत. 20 पर्याय लिहायला 5 बिट पुरतात. दहा भागांचे झाले 50 बिट, म्हणजे 7 बाइटच्या आत काम झाले. आणि या 7 बाइटमध्ये वेगवेगळे मल्ल किती मावतात? 20 चा दहावा घात, म्हणजे 10 लाख कोटींहून अधिक. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. खऱ्या खेळात रंग, उंची, डाव हे सगळे धरून नोंद मोठी होते, पण तत्त्व हेच.

थोडक्यात, तेव्हा कार्डावर मल्ल नव्हता, मल्लाची कृती होती. पुरणपोळी आणि पुरणपोळीची कृती यांत जो फरक, तोच.

5. वहीतला मल्ल

कृतीचा एक मोठा गुण असा की ती कागदावर लिहिता येते. त्या काळात जगभरचे खेळाडू आपल्या मल्लांचे 'फॉर्म्युले' लिहून एकमेकांना देत. फॉर्म्युला म्हणजे ओळीने लिहिलेली निवड आणि रंगांचे आकडे. ज्याच्याकडे तोच खेळ आहे, तो अर्ध्या-पाऊण तासात तोच मल्ल आपल्या यंत्रावर उभा करी.

इथे एक स्वतःचा अनुभव सांगतो. मी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत असताना वसतिगृहाजवळच्या एका दुकानात तासाच्या भाड्याने प्लेस्टेशन खेळायला मिळे. माझा रूममेट कोल्हापूर भागातला. त्याचे आजोबा तालमीत वाढलेले पैलवान, ते नुकतेच वारले होते. एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून 'स्मॅकडाउन 2'मध्ये त्याचे आजोबा घडवायला घेतले. लंगोट त्यात नव्हता, म्हणून सर्वांत आखूड चड्डी घेऊन तिला लाल रंग दिला. तासलेले डोके मिळाले. मिशा मनासारख्या मिळेनात, जवळच्यात जवळच्या घेतल्या. धोबीपछाडच्या जवळचा एक डाव सापडला, तेव्हा रूममेट खुर्चीवरून उठलाच. माझ्या सवयीप्रमाणे प्रत्येक निवड मी प्रयोगवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली.

पुढच्या आठवड्यात गेलो, तर दुकानाच्या कार्डावर कुणीतरी दुसराच खेळ साठवला होता. आजोबा पुसले गेले होते. रूममेट काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पडला. मग वहीचे पान काढले आणि पाऊण तासात आजोबा परत रिंगणात उभे राहिले. दुकानाचा तास संपत आला होता, म्हणून त्या दिवशी एकही सामना खेळलो नाही. नुसते रिंगणात येताना पाहिले आणि परत आलो.

6. कृतीकडून पुन्हा चित्राकडे

यंत्रे मोठी झाली. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी 2 मेगाबाइट होती, 2013 च्या प्लेस्टेशन 4 ची 8 गिगाबाइट, म्हणजे 4,096 पट. जागेची चणचण संपली, तशी मल्लनिर्मितीची रीतही बदलली. 2009 मध्ये आलेल्या 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ 2010'मध्ये खेळाडूला स्वतः नक्षी रंगवता येऊ लागली आणि केलेला मल्ल ऑनलाइन देता-घेता येऊ लागला. टीएचक्यू दिवाळखोरीत गेल्यावर 2013 मध्ये परवाना 2के कंपनीने घेतला. नंतरच्या आवृत्त्यांत छायाचित्र चढवून ते थेट मल्लाच्या चेहऱ्यावर बसवण्याची सोय झाली.

यात फायदा उघड आहे. रूममेटला जवळच्यात जवळच्या मिशा शोधाव्या लागल्या, आज त्याने आजोबांचा फोटोच लावला असता. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली : यंत्राची ताकद वाढली म्हणजे पर्याय आपोआप वाढतात असे नाही. 'डब्ल्यूडब्ल्यूई 2के15'च्या नव्या यंत्रांवरील आवृत्तीत स्त्री मल्ल घडवण्याची सोयच नव्हती. ती पुढच्या काळात परत आली. जितका तपशील जास्त, तितके प्रत्येक सुटा भाग नव्याने बनवण्याचे काम जास्त. हे काम वेळेत होत नाही, तेव्हा काहीतरी गाळले जाते. काय गाळायचे हा निर्णय माणसांचा असतो, यंत्राचा नव्हे.

दुसरी : खेळाडूने चढवलेले छायाचित्र खेळाच्या सीडीवर नसते. ते क्रमांकांत सांगता येत नाही. त्यामुळे असा मल्ल वहीत लिहून ठेवता येत नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर कंपनीच्या सर्व्हरवरूनच द्यावा लागतो आणि जुन्या आवृत्त्यांच्या ऑनलाइन सेवा काही वर्षांनी बंद होतात. माझ्या एका विद्यार्थ्याने एका खेळात आपल्या वर्गातले सगळे मित्र मल्ल म्हणून उभे केले होते, चेहऱ्यांसकट. त्याच्या यंत्राची हार्डडिस्क बिघडली, तोवर त्या आवृत्तीची ऑनलाइन सेवा बंद झालेली होती. तो मला विचारत आला, "सर, कुठून तरी परत मिळेल का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. रूममेटच्या आजोबांना सुचवला होता तो उपाय इथे चालणार नव्हता.

7. यातून काय घ्यायचे?

जुने तेच चांगले, असे मला म्हणायचे नाही. 2017 मध्ये आलेल्या 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड'मध्ये इंटरनेटवरून मल्लांची देवाणघेवाण आहे, आणि त्याचबरोबर आकड्यांत सांगता येणारे लॉजिकही आहे. दोन्ही रीती एकत्र नांदू शकतात. मुद्दा एवढाच की माहिती साठवताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. ती किती हुबेहूब आहे, हा पहिला. ती दुसरीकडे पुन्हा उभी करता येईल का, हा दुसरा. मोठ्या मेमरीने पहिल्याचे उत्तर सुधारले. दुसऱ्याचे उत्तर मात्र सर्व्हर कोणाचा आहे यावर अवलंबून राहू लागले.

तुम्ही उद्या प्रणाली बनवाल, तेव्हा तिच्यात कुणीतरी आपले आजोबा ठेवणार आहे, हे लक्षात असू द्या. त्याला ते बाहेर काढून नेता येतील अशी वाट ठेवा. साध्या मजकुरात निर्यात करण्याची सोय ही काही मोठी गोष्ट नाही, पण ती आरंभीच ठेवावी लागते.

ती प्रयोगवही माझ्याकडे अजून आहे. गेल्या दिवाळीत रूममेट घरी आला होता. जुने यंत्र काढले आणि मागचे पान उघडले. त्याच्या मुलीने एकेक आकडा वाचला, त्याने भरला. शाई दोन ठिकाणी पुसट झाली होती, तिथे तिने अंदाजाने आकडा सांगितला. त्यामुळे आजोबांचे बूट या वेळी निळे निघाले. बाकी सगळे जसेच्या तसे होते.

विचारार्थ प्रश्न

1. तुमच्या आवडीच्या एखाद्या पात्राचे 12 भाग पाडा. प्रत्येक भागाला 30 पर्याय असल्यास नोंदीला किमान किती बिट लागतील आणि किती वेगवेगळी पात्रे होतील?
2. लॉजिकच्या तक्त्यात टक्क्यांची बेरीज 100 होत नसेल, तर प्रणालीने काय करावे? दोन पर्याय सुचवून त्यांचे गुणदोष लिहा.
3. छायाचित्र लावलेला मल्ल खेळाडूला स्वतःजवळ जपून ठेवता यावा आणि दुसऱ्या यंत्रावर नेता यावा, यासाठी फाइलची रचना कशी कराल?
4. पुसट झालेल्या आकड्यामुळे बुटाचा रंग बदलला. अशी चूक लगेच लक्षात यावी म्हणून वहीतल्या नोंदीत आणखी काय लिहून ठेवायला हवे होते?