मिडगार्ड आणि गांवकूस



उत्तर युरोपांतील प्राचीन लोक मनुष्यांच्या जगास ‘मिडगार्ड’ म्हणत. कुंपणानें वेढलेली मधली जागा, असा या शब्दाचा अर्थ. इ. स. १२२० च्या सुमारास आइसलंडांतील स्नॉरी स्टुर्लसन यानें नोंदविलेली कथा अशी : देवांनीं इमीर नामक आद्य राक्षसास मारिलें, त्याच्या मांसाची भूमि, रक्ताचा समुद्र व कवटीचें आकाश केलें, आणि त्याच्या भुंवयांचा तट उभारून आंत मनुष्यांस वसविलें. तटाबाहेर राक्षस, आणि सभोंवारच्या समुद्रांत जगास विळखा घालून पडलेला महासर्प. ऋग्वेदांतील पुरुषसूक्ताचें येथें सहज स्मरण होतें. त्यांतहि एका देहापासून विश्व झालें. मनुष्यांसाठीं तट मात्र नाहीं. त्या देहापासून चार वर्ण निघाले.

तट पाहावयाचा तर तो बारामती-इंदापुराकडील जुन्या गांवरचनेंत. कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या या प्रदेशांत पिकें होत ती काळी आणि घरें असत ती पांढरी. पांढरीभोंवतीं गांवकूस, त्यास वेस. रात्रीं वेस बंद होई. बाहेर म्हसोबा व मरीआई. पटकीची सांथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडीत. नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूरचा देवहि उंबरठ्याचाच. ना घरांत ना घराबाहेर, अशा जागीं त्यानें हिरण्यकशिपूस मारिलें.

येथपर्यंत दोन्ही कल्पना सारख्या. परंतु उत्तरेच्या कथेंत तटाबाहेर राक्षस होते. आमच्या गांवकुसाबाहेर माणसें होतीं. महार-मांगांचीं घरें वेशीपलीकडे, आणि वेस राखणारा येसकर महारच. शिवेचा तंटा पडला तर त्याची साक्ष महत्त्वाची मानीत. पण त्याच्या घरास कुसाच्या आंत जागा नसे. मिडगार्डाचा रक्षक थॉर हा देव म्हणून पूजिला गेला. आमच्या रक्षकास दारोदार फिरून भाकर मागावी लागे.

१९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई विधिमंडळांत या वतनाविषयीं विधेयक मांडलें. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें रद्द झालीं. मातीचें कूस बहुतेक ठिकाणीं ढांसळलें आहे. तरी ‘गांवकुसाबाहेर’ हा शब्द भाषेंत राहिला. तो केवळ इतिहासाचा शब्द होईल, तेव्हांच पांढरी ही सर्व मनुष्यांची वस्ती झाली असें म्हणतां येईल.