पिशवी वाहणाऱ्यांचे इंडियन ओपन

इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा १९६४ साली दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर सुरू झाली. ती उभी करण्यात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनचा मोठा वाटा होता आणि पहिले विजेतेपदही त्यानेच मिळवले. पुढच्याच वर्षी कोलकात्यात पी. जी. सेठी जिंकले. ते हौशी खेळाडू होते. त्यानंतर भारतीय विजेता दिसायला तब्बल २६ वर्षे गेली.

१९९१ मध्ये तो दिसला, पण क्लबच्या सभासदांमधून आला नव्हता. अली शेर दिल्लीच्या याच मैदानावर कॅडी होता, म्हणजे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारा. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ मध्ये तो पुन्हा जिंकला, तेव्हा पहिल्या यशाला योगायोग म्हणायची सोय उरली नाही. २००९ चा विजेता सी. मुनियप्पा हाही एके काळचा कॅडी. एस. एस. पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची हिरवळ राखत. १८२९ साली इंग्रजांनी स्थापलेल्या त्या क्लबात मुलगा बघूनबघून खेळ शिकला. २०१५ मध्ये बरोबरीनंतरच्या जादा खेळात तो अनिर्बन लाहिरीकडून हरला. मग २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकला.

क्लबचे सभासदत्व घराणे आणि ऐपत पाहून मिळे. स्पर्धेत मात्र फटके मोजले जात. मागच्या दाराने मैदानात आलेल्यांना तेवढी मोजणी पुरेशी ठरली.