खाचेत बसलं म्हणजे चाललं असं नाही



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एक वहिनी आल्या होत्या. कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्यात त्यांनी एक कार्ड आणलं होतं. पोस्टाच्या तिकिटाएवढं, काळं, एका बाजूला सोनेरी पट्ट्या. म्हणाल्या, "यात माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो आहेत, २००६ सालचे. कॅमेरा कधीच भंगारात गेला. हे कार्ड कुठल्याच दुकानात, कुठल्याच मशिनला लागत नाही. पोरगी आता कॉलेजात आहे. विचारते, आई, माझा लहानपणचा एकही फोटो कसा नाही गं?"

तिला काय उत्तर द्यायचं? फोटो काढलेले आहेत, हातात आहेत, आणि तरी दिसत नाहीत. ही वेळ एकट्या वहिनींवर आलेली नाही. साधारण १९९५ ते २०१० या काळात ज्यांनी ज्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला, त्या सगळ्या घरांची ही गोष्ट आहे. ती कशी घडली ते आज सांगते.

आधी रिळाची आठवण काढू. आपल्या लग्नातले फोटो रिळावरचे. कोडॅक कंपनीने १९३४ मध्ये ३५ मिलिमीटर फिल्मची ती पत्र्याची छोटी डबी बाजारात आणली आणि हळूहळू सगळ्या जगाने तीच मानली. कॅमेरा जपानी असो की जर्मन, रीळ कोणत्याही कंपनीचं असो, ते बसायचं. छत्तीस फोटो झाले की रीळ संपलं, धुवायला टाकलं. निगेटिव्ह पाकिटात राहायची आणि तीस वर्षांनी उजेडासमोर धरली तरी आजीचं नाक ओळखू यायचं. फोटो कशावर ठेवायचा हा प्रश्नच कुणाला पडत नव्हता.

डिजिटल कॅमेऱ्यापुढे पहिल्या दिवसापासून तोच प्रश्न होता. कोडॅकमध्येच स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये जो पहिला डिजिटल कॅमेरा जोडला, त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर होतं आणि फोटो साठायचा गाण्यांच्या कॅसेटसारख्या कॅसेटवर. एक काळा-पांढरा फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. पुढे सोनीने १९९७ मध्ये मॅव्हिका नावाचे असे कॅमेरे काढले की त्यात चक्क कॉम्प्युटरची फ्लॉपी घालायची. एका फ्लॉपीत चांगले म्हणावेत असे पंधरा-वीस फोटो. आज हसू येतं, पण मला विचाराल तर सगळ्या प्रकारांत ती सोय फार शहाणपणाची होती, कारण फ्लॉपी तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरला लागायची.

कार्डाच्या पोटात जे असतं त्याला फ्लॅश मेमरी म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधली. वीज बंद केली तरी त्यात लिहिलेलं राहतं आणि पुसायचं तर मोठा भाग एका झटक्यात पुसता येतो. त्यांच्या सहकाऱ्याला हे पुसणं कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं वाटलं, म्हणून ते नाव.

एवढी चांगली वस्तू हाताशी आल्यावर रिळासारखं एकच कार्ड ठरवायला काय हरकत होती? पण १९९४ ते २००२ या आठ वर्षांत सहा निरनिराळी कार्डं बाजारात आली. आणि एकाचं दुसऱ्याच्या खाचेत बसेना.

पहिलं १९९४ चं, सॅनडिस्क कंपनीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश. काडेपेटीएवढं, पण चपटं. दुसरं १९९५ चं, तोशिबाचं स्मार्ट मीडिया. हे मात्र पत्त्याच्या पानासारखं पातळ, एक मिलिमीटरसुद्धा जाड नाही. या दोघांतला फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्या स्वयंपाकघरात फळीवर वीस डबे असतात. डाळ कुठे, रवा कुठे, कोणता डबा गळका, हे घरातल्या बाईला माहीत असतं. पाहुणीने नुसतं "रवा द्या हो" म्हणायचं. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डात ही घरची बाई आतच बसलेली असते. तिला कंट्रोलर म्हणतात, एक छोटी चिप. कॅमेरा फक्त मागतो किंवा देतो, कुठे ठेवायचं ते ती बघते. फ्लॅश मेमरीतले कप्पे पुसून पुसून झिजतात, म्हणून एकाच कप्प्यावर भार येऊ नये हेही ती सांभाळते. स्मार्ट मीडियात नुसते डबे होते, बाई नव्हती. त्यामुळे कार्ड स्वस्त आणि पातळ झालं, पण सगळी मांडणी कॅमेऱ्याला पाठ असावी लागे. मग कंपनीने जास्त डब्यांचं कार्ड काढलं की जुना कॅमेरा गोंधळायचा. कार्ड खाचेत बसायचं, पण ओळखायचं नाही. वाढता वाढता स्मार्ट मीडिया १२८ मेगाबाइटला येऊन थांबलं.

कॉम्पॅक्ट फ्लॅश मात्र वाढत गेलं. त्याच आकारात आयबीएमने एक इंचाची फिरती हार्ड डिस्क बसवून दाखवली, आणि जाड खाचेच्या कॅमेऱ्यांना ती चालली, कारण बोलायची भाषा तीच होती. लग्नाचे फोटोग्राफर पुढे कितीतरी वर्षं हेच कार्ड वापरत होते. ज्यांनी सुरुवातीला चार पैसे जास्त देऊन जाड कार्ड घेतलं त्यांचं नुकसान झालं नाही.

सोनीने १९९८ मध्ये आपला वेगळा संसार मांडला, मेमरी स्टिक. च्युइंगमच्या पट्टीसारखी लांबट. सोनीच्या कॅमेऱ्याला सोनीचीच पट्टी. तीही १२८ मेगाबाइटला अडली, तेव्हा त्यांनी एकाच पट्टीत दोन पट्ट्या कोंबल्या आणि पाठीवर बटण दिलं: अर्धी भरली की बटण सरकवा, दुसरी अर्धी सुरू. पुढे प्रो, ड्युओ अशी नवी नावं आली. जुन्या कॅमेऱ्याला नवी पट्टी चालायची नाही.

सीमेन्स आणि सॅनडिस्क यांचं मल्टिमीडिया कार्ड १९९७ चं. त्याच्यावरून सॅनडिस्क, पॅनासोनिक आणि तोशिबा या तिघांनी मिळून १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर केलं. एसडीतला एस म्हणजे 'सिक्युअर', सुरक्षित. तुमचे फोटो सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही बरं का! गाण्यांची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून संगीत कंपन्यांसाठी ती सोय होती, फोटोवाल्यांना तिचा काडीचा उपयोग नव्हता. त्या नावातला डी तर आणखी गमतीचा. तो तबकडीसारखा गोल दिसतो, कारण तोशिबाने ते चिन्ह आधी एका डिस्कसाठी काढलं होतं, ती डिस्क आली नाही आणि चिन्ह कार्डाला मिळालं. कार्डाच्या कडेला लॉकची जी बारीक पट्टी असते, तीही नुसती खूण आहे. ती कुठे आहे हे कॅमेरा बघतो, कार्डाला स्वतःला काही कळत नाही.

आता वहिनींच्या कार्डाकडे येते. ते एक्सडी कार्ड. ऑलिम्पस आणि फुजीफिल्म या दोघांनी २००२ मध्ये आणलेलं. स्मार्ट मीडिया संपत आलं होतं आणि एसडी हे दुसऱ्यांचं होतं, म्हणून यांनी आपलं तिसरं काढलं. आणि इतक्या अनुभवानंतरही त्यात घरची बाई ठेवली नाही! जास्त क्षमतेची कार्डं पुढे निघाली, तेव्हा पुन्हा काही जुन्या कॅमेऱ्यांना ती चालेनात. ऑलिम्पसच्या कॅमेऱ्यात फोटोला फोटो जोडून लांब देखावा करण्याची सोय होती, ती तर ऑलिम्पसचंच कार्ड घातलं तर चालायची. ग्राहकाने एकदा उंबरा ओलांडला की बाहेर जाऊ नये, याचा हा सगळा खटाटोप.

वहिनींचं कार्ड उघडलं. तालुक्याच्या एका फोटो स्टुडिओच्या खणात जुना अनेक खाचांचा रीडर निघाला, त्यात एक्सडीची खाच होती. त्र्याऐंशी फोटो मिळाले. पाळण्याला लावलेल्या झेंडूच्या माळेसकट. बाळाचं नाव कानात सांगणाऱ्या आत्याबाई आता नाहीत, त्या फोटोत आहेत. वहिनी स्टुडिओतच बाकावर बसून राहिल्या.

या लढाईत एसडी जिंकलं ते फोटोमुळे नाही, फोनमुळे. त्याचंच नखाएवढं धाकटं भावंड मायक्रोएसडी फोनमध्ये गेलं. आठवतं ना, बसस्टँडजवळच्या मोबाईल दुकानांवर पाट्या असायच्या, 'कार्डात गाणी भरून मिळतील'. तेच कार्ड. ते इतकं खपलं की किंमत उतरत गेली. सोनीनेसुद्धा २०१० मध्ये आपल्या कॅमेऱ्यांत एसडीला जागा दिली.

पण एक आकार जिंकला म्हणून कटकट संपली नाही, ती आत गेली. साधं एसडी २ जीबीपर्यंत. २००६ पासून एसडीएचसी, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ पासून एसडीएक्ससी, त्याच्यापुढचं. बाहेरून तिन्ही सारखी, खाच एकच. जुन्या कॅमेऱ्यात नवं कार्ड अगदी टक्‌ करून बसतं आणि पडद्यावर लिहून येतं, कार्ड एरर.

याचा फटका मला बसलाय. २०१३ मध्ये आमच्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन झालं. भाच्याने नव्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड घातलेलं. फोटो छापायला एका दुकानात दिले. तिथला कॉम्प्युटर जुना, त्याला नव्या कार्डाची मांडणी वाचता येईना. त्याने विचारलं, कार्ड फॉरमॅट करू का? दुकानातल्या मुलाने 'हो' दाबलं. तेव्हाच हात आवरला असता तर बहुतेक सगळे फोटो परत मिळाले असते, कारण अशा वेळी यादी पुसली जाते, फोटो तिथेच असतात. पण आम्हाला माहीत नव्हतं. तेच कार्ड दोन दिवसांनी हळदीला वापरलं आणि नवे फोटो जुन्यांवर बसले. मोजून एकसष्ट परत आले. सासूबाईंना नातवंडं ओवाळतात तो एकही नाही.

म्हणून सांगते. बचत गटाच्या कामासाठी किंवा मुलीच्या कोर्ससाठी जुना कॅमेरा घेणार असाल, तर आधी खाच उघडून बघा. एक्सडी किंवा जुनी मेमरी स्टिक असेल तर फुकट मिळाला तरी दोनदा विचार करा. एसडी असेल तर कॅमेऱ्यावर किंवा पुस्तिकेत एसडीएचसी, एसडीएक्ससी यांपैकी काय लिहिलंय ते वाचा आणि त्याच्या पुढचं कार्ड घेऊ नका. कार्डावर मोठ्या अक्षरात जो वेग छापतात तो बहुधा वाचण्याचा असतो. व्हिडिओ करायचा तर बारीक खूण बघा: सी१० म्हणजे सेकंदाला किमान १० मेगाबाइट लिहिणार, व्ही३० म्हणजे ३०.

आणि फार स्वस्त मिळतंय म्हणून भुलू नका. नकली कार्डात आतली ती घरची बाईच खोटं बोलते. डबे आठ असतात, ती सांगते चौसष्ट. आठ भरले की पुढचं सामान बेपत्ता होतं, नाहीतर जुन्यावर पडतं. नवं कार्ड आणलं की एकदा काठोकाठ भरायचं आणि अगदी शेवटचे फोटो उघडून बघायचे. उघडले तर पुसून वापरायला घ्या. नाही उघडले तर पावती घेऊन त्याच दिवशी दुकानात जा.

घरातल्या पेटीत, देवघराच्या खणात असं एखादं जुनं कार्ड असेल तर शोधा. त्यातली वीज वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत असते, तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीची वाट बघू नका. गुरुवारी दुपारी चारपर्यंत मी केंद्रावर असते. तो अनेक खाचांचा रीडर स्टुडिओवाल्या दादांनी आपल्याला देऊन टाकलाय, माझ्या पर्समध्येच आहे.