राजाची स्वप्नं आणि नातीचा कुत्रा

गेल्या दिवाळीत माझी साडेचार वर्षांची नात पंधरा दिवस आमच्याकडे राहिली. चौथ्या रात्री, पहाटे तीनच्या सुमारास ती किंचाळून उठली. अंग घामानं भिजलेलं, हात माझ्या पदरात घट्ट. "आज्जी, कुत्रा!" मी सवयीनं तोंड उघडलं, "काही नाही गं, स्वप्न होतं, झोप." पण शब्द घशातच राहिले.

हेच शब्द तीस वर्षांपूर्वी मी तिच्या बापाला म्हटले होते. एकदा नव्हे, रोज. तेव्हा एकत्र कुटुंब, पहाटे पाचला पाणी भरायचं, अंगणापासून बस्तीला जाण्यापर्यंतची सगळी कामं डोक्यावर. पोरगं रात्री रडलं की सगळं घर जागं व्हायचं. मग मी त्याला दटावायची, "गप्प पड, नाहीतर बुवा येईल." तो गप्प व्हायचा. मला वाटायचं, झोपला. परवा बोलता बोलता तो हसत म्हणाला, "आई, मी झोपायचो नाही. डोळे मिटून बुवाची वाट बघायचो." तो हसला, मला हसू आलं नाही.

नात तिच्या आईबापाबरोबर परत गेल्यावर मी घरातली जुनी पुस्तकं काढली. आपल्या लोकांनी स्वप्नांचं काय केलं, हे मला बघायचं होतं. आपल्या घरात स्वप्नं म्हटली की तीर्थंकरांच्या मातेची शुभ स्वप्नं. दिगंबरांत सोळा, श्वेतांबरांत चौदा. पंचकल्याणक पूजेत आपण ती दरवेळी बघतो. पण श्वेतांबरांच्या कल्पसूत्रात एक बारीक गोष्ट आहे, ती माझ्या कधी लक्षात आली नव्हती. शुभ स्वप्नं पडल्यावर त्रिशलामाता पुन्हा झोपली नाही. मागून एखादं वाईट स्वप्न पडून चांगल्याचं फळ जाईल, या काळजीनं ती उरलेली रात्र धर्मकथा ऐकत जागी राहिली. म्हणजे वाईट स्वप्नाची भीती राजवाड्यातही होती, वर्धमानाच्या आईलाही होती. आणि त्या भीतीला तिनं "काही नाही" म्हटलं नाही.

दुसरी कथा आपल्या जास्त जवळची, दक्षिणेची. सम्राट चंद्रगुप्ताला एका रात्री सोळा स्वप्नं पडली, आणि ती अशुभ होती. मावळणारा सूर्य, कल्पवृक्षाची मोडलेली फांदी, भोकं पडलेला चंद्र, उकिरड्यावर उगवलेलं कमळ, सोन्याच्या भांड्यात खीर खाणारा कुत्रा, आणि बारा फण्यांचा साप. राजा घाबरून श्रुतकेवली भद्रबाहूंकडे गेला. त्यांनी एकेक स्वप्न ऐकलं आणि एकेकाचा अर्थ सांगितला. चंद्राची भोकं म्हणजे धर्मात पंथ पडतील. बारा फण्यांचा साप म्हणजे बारा वर्षांचा दुष्काळ. पुढं संघ दक्षिणेला निघाला, राजा दीक्षा घेऊन त्याबरोबर श्रवणबेळगोळला आला, ही आपली परंपरा.

इथं इतिहास आणि कथा वेगळ्या ठेवायला हव्यात. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर इसवी सन 600च्या आसपासचा एक शिलालेख आहे. भद्रबाहूंनी निमित्तज्ञानानं बारा वर्षांचं संकट ओळखलं आणि संघ उत्तरेकडून दक्षिणेला आला, एवढं त्यात आहे. राजाची सोळा स्वप्नं त्यात नाहीत. ती नंतरच्या चरित्रग्रंथांत येतात. आणि कथेतला चंद्रगुप्त म्हणजे मौर्य सम्राटच का, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. 2018च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही गेलो होतो, तेव्हा चंद्रगिरीवरच्या चंद्रगुप्त बस्तीतली दगडी जाळी बघितली. भद्रबाहू आणि चंद्रगुप्ताची कथा तिच्यावर बारीक चित्रांत कोरलेली आहे. काम 12व्या शतकातलं, दासोज नावाच्या शिल्पकाराचं. तेव्हा मी घाईनं हात जोडून पुढं गेले होते.

स्वप्नं खरी पडली असोत वा नसोत, लोकांनी ती शेकडो वर्षं सांगितली. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते ऐकणाऱ्याचं वागणं. भद्रबाहू राजाला म्हणाले नाहीत, की तू सम्राट, तुला भ्यायला काय झालं. सोळाव्या स्वप्नापर्यंत त्यांनी ऐकलं. आणि भीतीतून पुढचा रस्ता निघाला.

आता विज्ञानाकडचा इतिहास. 1950च्या सुमारास शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी झोपेचा अभ्यास करत होता. एक जुनं यंत्र दुरुस्त करून त्यानं आपल्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवल्या आणि रात्रभर जागत बसला. मूल गाढ झोपलेलं, पण मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरताना कागदावर उमटले. आपल्या गुरूबरोबर, क्लाइटमन यांच्याबरोबर, त्यानं हे 1953 साली प्रसिद्ध केलं. स्वप्नं जास्त करून याच झोपेत पडतात, हे तिथून पुढं कळत गेलं. एका बापाच्या जागरणातून!

त्यातून आपल्याला उपयोगाची गोष्ट अशी. पहाटेकडं ही झोप जास्त असते, म्हणून वाईट स्वप्नं बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडतात. मूल पूर्ण जागं होतं, आपल्याला ओळखतं, स्वप्न सांगू शकतं. त्याला जवळ घ्यावं, ऐकावं. पण झोप लागल्यावर एक-दोन तासांतच मूल किंचाळत उठून बसलं, डोळे उघडे पण आपल्याला ओळखत नाही, तर ते वेगळं. ते गाढ झोपेतलं असतं. त्याला हलवून उठवू नये, लागू नये एवढं बघावं, आपोआप निजतं. सकाळी त्याला काही आठवत नाही. हे वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. माझ्या सासूबाई दोन्हीला मीठ-मोहरी ओवाळायच्या. "आपल्यात हे नाही, पण जिवाला बरं वाटतं," म्हणायच्या. बरं त्यांच्याच जिवाला वाटायचं.

त्या रात्री मी दिवा लावला, नातीला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कसा होता कुत्रा?" काळा होता, मोठा होता, जिन्यात उभा होता. सगळं ऐकलं. मग नऊ वेळा णमोकार म्हटला, सहाव्यालाच तिचा डोळा लागला. सकाळी न्याहरीला तिला सांगितलं, एका मोठ्या राजालाही स्वप्नात कुत्रा दिसला होता, सोन्याच्या भांड्यात खीर खाणारा. कथेत तो अपशकुन आहे, पण ते मी सांगितलं नाही. तिनं विचार केला आणि म्हणाली, "माझ्या कुत्र्याला पण भूक लागली असेल." पाटीवर कुत्रा काढला, पुढं वाटी काढली. मग मला विचारलं, खिरीत साखर घालू का गूळ.

त्यानंतर दोनदा ती रात्री उठली, पण किंचाळली नाही. मला हलवून म्हणाली, "आज्जी, ऐक."

मुलाला फोनवर हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग मीच विचारलं, "तुझा बुवा कसा दिसायचा रे?" तीस वर्षांनी विचारलं. त्यानं सांगितलं, आणि मी शेवटपर्यंत ऐकलं.