तोळा कुणाचा?

बेळगाव-निपाणीकडच्या आमच्या जैन घरांत जुन्या पेटीच्या तळाशी बहुतेक वेळा एक चिठ्ठी निघते. आजीच्या नाहीतर पणजीच्या लग्नातल्या दागिन्यांची यादी. पाटल्या ५ तोळे, बिलवर ३ तोळे, बोरमाळ, नथ. खाली कुणाची सही नाही, पण अक्षर घरातल्या कर्त्या पुरुषाचं. दागिना बाईच्या अंगावर आणि त्याचं वजन पुरुषाच्या वहीत, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. दागिना विकायची वेळ आली की तिची किंमत बाईला मोजावी लागते.

हे आपल्याकडे फार जुनं आहे. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात दिल्लीच्या टांकसाळीत ठक्कुर फेरू नावाचा एक जैन अधिकारी होता. नाण्यांतल्या सोन्या-चांदीचा कस कसा पारखायचा, कुठल्या नाण्याची किंमत काय, यावर त्याने १३१८ साली ‘द्रव्यपरीक्षा’ लिहिली. कुणासाठी? भावासाठी आणि मुलासाठी. घरात लेकीसुना असतीलच की, पण कस पारखायची विद्या त्यांच्यासाठी नव्हती. एवढ्या विद्वान माणसाला दोष देत नाही मी, पण मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता तोळ्याचं बघा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे आमच्या आज्यांना पाठ होतं. १८३३ साली इंग्रजांनी तोळा १८० ग्रेनचा ठरवला. चांदीच्या रुपयाचंही वजन तेवढंच, म्हणून बायका ‘रुपयाभार सोनं’ म्हणायच्या. हा तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. पुढे १९५६च्या कायद्याने दशमान वजनं आली, सराफ दहा ग्रॅमचा भाव सांगू लागले, आणि लोक त्या दहा ग्रॅमलाच तोळा म्हणू लागले. शब्द तोच राहिला आणि आतलं सोनं सातव्या हिश्श्याने कमी झालं.

दुकानात हे लगेच कळतं, कारण तिथे काटा समोर असतो. खरी फसगत होते ती घरातल्या वाटणीत. आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंच्या आईचं सोनं भावाकडे होतं. भाऊ म्हणाला, “दागिने मी ठेवून घेतो, तुला रोख देतो.” चिठ्ठी काढली, पाटल्या आणि बिलवर मिळून ८ तोळे, त्या दिवशीचा तोळ्याचा भाव गुणिले आठ, झाला हिशेब. त्याच्या मनात खोट होती असंही नाही. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, “आधी तोलू या की हो.” तोलल्यावर, इतक्या वर्षांची झीज जाऊनसुद्धा, ९२ ग्रॅमच्या वर भरलं. भाऊ ८० ग्रॅमचे पैसे देत होता! बारा ग्रॅम सोनं बहिणीच्या पदरातून नुसत्या एका शब्दापायी जात होतं. आपल्या धर्मात अचौर्याच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितलंय, म्हणजे देताना एक माप नि घेताना दुसरं. प्रवचनात आपण ते दुकानदारांसाठी आहे असं समजून ऐकतो.

वजनानंतर कस. जानेवारी १९६३ मध्ये, चीनच्या लढाईनंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरटपेक्षा जास्त कसाचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या, कितीतरी घरं उघड्यावर आली. कसाचं हे बंधन १९६६ साली उठलं, पण १९६८ साली वेगळा कायदा झाला आणि सर्वसामान्य माणसाला घरात सोन्याची लगड ठेवायची मुभा राहिली नाही. तो रद्द झाला १९९० मध्ये, मधु दंडवते अर्थमंत्री असताना. हे सगळं विकणाऱ्या बाईने कशाला जाणायचं? तर त्या तीन-चार वर्षांत लग्न झालेल्या आईचा दागिना खरोखरच चौदा कॅरटचा, म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोन्याचा असू शकतो. पण त्याआधीच्या आजीच्या पाटल्यांनाही “जुनं आहे, कस कमीच निघणार” असं कुणी नुसत्या नजरेने म्हणाला, तर मान डोलवू नये. हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. जुन्या दागिन्यावर तो शिक्का नसणारच. मात्र घरातला दागिना हॉलमार्किंग केंद्रावर नेऊन थोड्या पैशांत तपासता येतो. तो कागद हातात घेऊनच दोन-तीन पेढ्या चढाव्या.

बोरमाळेची गोष्ट निराळी. तिचे मणी पोकळ, आत लाख. सराफ अंदाजाने लाखेचं वजन वजा करतो, तेही सढळ हाताने. लाख आपल्यासमोर काढून उरलेलं सोनं तोलायला सांगावं. माळ मोडली तरी चालेल अशी मनाची तयारी असेल तरच, हे खरं. घडणावळ परत मिळत नाही, हेही धरून चालावं. पण हातघडणीचा जुना साज मोडीत न जाता त्याच दुकानाच्या काचेत लागणार असेल, तर नुसत्या वजनाचा भाव का घ्यायचा?

आणि विचारावं कुणाला, हा प्रश्न तर नाहीच. १९५६चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. त्याच्या चौदाव्या कलमाने बाईकडचं स्त्रीधन आणि वारशाने आलेला दागिना पूर्णपणे तिचा. विकावा, ठेवावा, लेकीला द्यावा. तरी आमच्याकडच्या बायका पेढीवर जाताना दिराला नाहीतर मुलाला पुढे बसवतात आणि आपण मागच्या बाकावर. काट्यावरचा आकडा मागच्या बाकावरून दिसत नाही.

नथ राहिली. तिच्यात सोनं गुंजाभर, म्हणून तिचा विचार कुणी करत नाही. “मोत्यांचं काही येत नाही” म्हणून सराफ तारेचंच वजन धरतो आणि मोती त्याच्याच खणात राहतात. जुन्या नथीतले मोती अनेकदा बसऱ्याचे असतात, समुद्रातून बुड्या मारून काढलेले, खरे. ते तारेतून सोडवून, मोजून, परत मागून घ्यावेत आणि मोत्यांच्या जाणकाराला वेगळे दाखवावेत.