सक्रिय दीर्घिकांचा ऊर्जास्रोत व क्ष-किरण वेध

ज्या दीर्घिकांच्या गाभ्यातून तेथील ताऱ्यांपासून अपेक्षित असलेल्या प्रारणाहून पुष्कळच अधिक प्रारण बाहेर पडते, त्यांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. क्वासार हा त्यांचा सर्वांत तेजस्वी प्रकार होय. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ३ सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या उद्गमाच्या वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सु. १६ टक्क्यांनी सरकल्याचे ओळखले. त्यावरून तो २०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर व अनेक दीर्घिकांइतका तेजस्वी असल्याचे दिसून आले. १९६४ मध्ये एडविन सॉल्पीटर व याकव झेल्डोव्हिच यांनी, ही ऊर्जा प्रचंड वस्तुमानाच्या पिंडावर पडणाऱ्या वायूपासून मिळत असावी, असे स्वतंत्रपणे सुचविले. परंतु या कल्पनेस वेधांचा आधार हवा होता.

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेत असल्याने त्यांचे वेध वातावरणाबाहेरूनच घ्यावे लागतात. १९६२ मध्ये रिकार्दो जाकोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणातून पाठविलेल्या उपकरणांनी सूर्यकुलाबाहेरील पहिला क्ष-किरण उद्गम आणि आकाशभर पसरलेले पार्श्वभूमी-प्रारण शोधून काढले. १९७० मध्ये केन्याच्या किनाऱ्याजवळून सोडलेल्या उहुरू उपग्रहाने काही सक्रिय दीर्घिकांचे क्ष-किरण नोंदविले. क्ष-किरण उत्सर्जन हा क्वासारांचा सर्वसाधारण गुणधर्म असल्याचे १९७८ मध्ये सोडलेल्या आइन्स्टाइन वेधशाळेने दाखविले.

अनेक सक्रिय दीर्घिकांच्या क्ष-किरणांची तीव्रता काही तासांत बदलते. प्रकाशाला जो विस्तार ओलांडण्यास याहून अधिक काळ लागेल, तो उद्गम इतक्या त्वरेने बदलू शकत नाही. म्हणजे ही ऊर्जा सूर्यकुलाएवढ्या जागेतून येते. तेथे अब्जावधी तारे मावून टिकणे शक्य नाही. शिवाय हायड्रोजनाच्या संघटनात वस्तुमानाच्या ०·७ टक्के भागाचेच ऊर्जेत रूपांतर होते, तर कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या वायूच्या बाबतीत हे प्रमाण सु. १० टक्के असते. १९९५ मध्ये आस्का या जपानी उपग्रहाच्या वेधांत एमसीजी-६-३०-१५ या दीर्घिकेतील लोहाची क्ष-किरण रेषा अतिशय रुंदावलेली आढळली. प्रकाशवेगाच्या सु. एक-तृतीयांश वेगाने कृष्णविवरालगत फिरणाऱ्या वायूचे ते लक्षण होय.

१९९९ मध्ये सोडलेल्या चंद्रा वेधशाळेने पार्श्वभूमी-प्रारणाचा बहुतेक भाग दूरच्या स्वतंत्र उद्गमांत विभागून दाखविला. धुळीमुळे दृश्य प्रकाशात न दिसणारे अनेक गाभे त्यांत होते. २००९ मध्ये याच वेधशाळेने, ज्यांचा प्रकाश सु. १,१५० कोटी वर्षांपूर्वी निघाला अशा २९ तेजस्वी हायड्रोजन मेघांची पाहणी केली. पैकी पाचांत वाढती कृष्णविवरे आढळली. उरलेल्यांत नवजात तारे प्रकाशतात की दाट वायूआड दडलेली कृष्णविवरे, हे क्ष-किरणांच्या अभावावरून मात्र ठरविता येत नाही.